नुसतं ‘व्हय’

मंगळवार, संध्याकाळ



आज वॉर्डात औषधं तपासत होते. नवी सिस्टर इन्शुलिन घेऊन आली आणि सहा नंबरच्या बेडपाशी थांबली. "पार्वतीबाई ना?" आजी म्हणाल्या, "व्हय." ती सुई टोचणारच होती. मी ओरडले, आधी मनगटावरची पट्टी स्कॅन कर! लाल दिवा लागला. आजी निघाल्या करकंबच्या प्रयागबाई. त्यांना साखरेचा त्रासच नाही. इन्शुलिन गेलं असतं तर...

किती वेळा शिकवलंय, आपण नाव सांगायचं नाही, पेशंटला विचारायचं. सिस्टरवर चिडले. जरा जास्तच.

मग आजींना विचारलं, दुसरीचं नाव घेतलं तरी व्हय का म्हणालात?

"दोन दिस झालं, कुनी बोललं न्हाय बगा. हाक आली, म्हून व्हय म्हनलं की."

टळलेल्या चुकीचा फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘कमी ऐकू येणे’. धडधडीत खोटं. त्यांना छान ऐकू येतं. पण ते ‘व्हय’ कुठल्या रकान्यात बसवू?

सोलापूरला येऊन वर्ष होईल. हॉस्पिटलात मी सगळ्यांची ‘फार्मसीच्या मॅडम’. माझं नाव इथे कोण घेतं?

आत्ता जिना चढताना खालच्या घरमालकीणबाईंनी दाराआडून हाक मारली, "सविता, आलीस का गं?" सविता त्यांची मुलगी, लग्न होऊन लांब गेलेली.

मी म्हटलं, "हो, आले."