बंद म्हणजे काय

१७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा सुधारलाय; जिना चढताना कुरकुर करते, पण ती आता माझ्या नावाने. वहिनी म्हणाली, तू डाव्या हाताने लिहायला शिकलास आणि अक्षर उजव्यापेक्षा बरं येतंय. म्हणजे आधी ते किती भिकार होतं, बघ.

हसलास ना? आता पुढचं वाच.

तुझ्या अपघाताच्या चौकशीच्या दिवशी मी, पत्रा ठोकणाऱ्या त्या प्रेसचा बटणांचा पडदा बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या माणसांत बसले होते. फोरमन तुला म्हणाले, "प्रेस चालू असताना हात घातलातच कसा?"

"चालू कुठे? ती थांबली होती. पडद्यावर लाल अक्षरांत 'बंद' होतं."

"अहो, ते बटण आहे! बंद करायचं तर दाबायचं. दोन ठोक्यांमध्ये प्रेस थांबतेच."

दोघं-तिघं हसले. अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' आलं. बावीस वर्षं प्रेस चालवलेला तू आता गेटवर पास तपासतोस.

मी हसले नाही. पण बोललेही नाही.

दादा, त्या बटणावरचा शब्द मी लिहिलाय.

लहानपणी तू न्हाणीघराच्या दाराला पुठ्ठा अडकवायचास, 'बंद'. मी बाहेरून ओरडायचे, "बंद आहे, की बंद करू?" आणि कडी घालून पळायचे. तू आतून बोंबलायचास, "शहाणे, बंद म्हणजे आत माणूस आहे!" एका शब्दाचे दोन अर्थ होतात, हे मला आठव्या वर्षी ठाऊक होतं. मोठेपणी यंत्रांच्या पडद्यांवरचे शब्द मराठीत लिहिते, त्याचाच पगार घेते. तरी बटणावर जागा कमी, म्हणून 'यंत्र थांबवा' खोडून नुसतं 'बंद' ठेवलं.

आज सकाळी हे सगळं चौकशी समितीला सहीनिशी लिहून दिलं. प्रत सोबत आहे. समितीचे साहेब म्हणाले, "सख्खा भाऊ आहे, म्हणून सांगताय."

"नाही," म्हटलं, "सख्खा भाऊ आहे म्हणून इतके दिवस गप्प होते. त्याला कळेल, याची भीती होती."

माझ्या नोकरीचं शुक्रवारी ठरेल. तुझी चौकशी मात्र पुन्हा होणार, तसं लेखी घेतलंय. विचारतील तेव्हा आधी सांगितलंस तेच सांग. तू बरोबर वाचलं होतंस.

पत्राचं उत्तर दे असं म्हणणार नाही. तुझी दोन बोटं उत्तराने परत येत नाहीत.

आत माणूस आहे, हे विसरलेली,
तुझी धाकटी