तुझ्या पायात जोर होता

तळवली, शुक्रवार

प्रिय संघमित्रा,

जयभीम. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू पहिल्यांदा माफीच मागतेस, आणि मग माझ्या तोंडून पुढचं काही निघत नाही. म्हणून लिहितोय. काल सुधीर वकील गॅरेजवर आला होता. म्हणाला, काका, सोमवारी कोर्टात ती गुन्हा कबूल करणार म्हणते, आईला मीच मारलं म्हणते, माझं काही ऐकत नाही. आईसारखीच हट्टी तू. सोमवारच्या आत हे तुझ्या हातात पडायलाच हवं, म्हणून सीवूड्सला तुझ्या खोलीवर मी स्वतः येऊन दाराखालून सरकवणार आहे. आत येऊन बसायची हिंमत नाही. मी बरा आहे. भात लावतो, रोज करपतो, खातो.

गाडीवर मी काय उद्योग केला होता ते तुला माहीत आहे. चांगली चालणारी गाडी. तुझी आई म्हणाली होती, आहे ती बरी आहे, कशाला तिच्या पोटात हात घालताय. पण मला खाज. तीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, एकदा तरी आपल्या गाडीचं इंजिन असं करावं की लोकांनी वळून बघावं. जुनी कॅमशाफ्ट काढली आणि शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसली बसवली. इंजिन हवा कधी आत घेणार, कधी बाहेर टाकणार, हे तीच ठरवते. गाडी उभी असली तरी डुगडुग आवाज यायचा, आणि मी नवरदेवासारखा मिरवायचो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

चौथ्या दिवशी तू म्हणालीस, पप्पा, ब्रेक कडक लागतोय. मी चक्कर मारून आलो, मला काहीच वाटलं नाही. कसं वाटणार? तरुणपणी ट्रकचे ब्रेक दाबून दाबून हा पाय घट्ट झालाय. इंजिन हवा किती ओढतं ते मोजायचं मीटर लावायला दहा मिनिटं लागतात, पण आम्हा जुन्या मेकॅनिकांना त्यात कमीपणा वाटतो. आमचा पाय म्हणेल ते खरं. तुला म्हटलं, ब्रेकला काही झालेलं नाही, तुझ्याच पायात जोर नाही, ते डाएट-बिएट सोड आणि भाकरी खा. आई म्हणाली, पोरगी सांगतेय तर बघा ना नीट. मी दोघींचंही हसण्यावारी नेलं.

मग तो तळोज्याचा रस्ता. तुम्ही दोघी मावशीकडे निघाला होतात. गर्दीत थांबत थांबत चाललेली गाडी, पुढं सळयांनी भरलेला ट्रेलर. तो थांबला आणि तुला थांबता आलं नाही. वेग तो कितीसा, पण काच फोडून सळया आईच्याच बाजूला आत आल्या. तू पोलिसांना सांगितलंस, मी ब्रेक उशिरा दाबला असेन. ह्याच्यापुढं मला लिहवत नाही.

आई गेल्याच्या सहाव्या दिवशी पोलिसांनी गाडी तपासून परत दिली. ब्रेकचं ऑइल भरलेलं होतं, पॅड नवे होते, पेडल दाबलं की चाक थांबत होतं, तसं तपासणाऱ्या साहेबांनी लिहिलं. ते खोटं नव्हतं. इंजिनाला धक्का लागलेला नव्हता. मी गाडी शेडमध्ये घेतली आणि जे आधी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. ब्रेकच्या पेडलापुढं एक गोल डबा असतो. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर तो डबा आपल्या पायाचा जोर वाढवतो. तपासायची रीत अगदी साधी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल आपोआप थोडं खाली जायला हवं. गेलं नाही. मी देवबिव मानत नाही, पण त्या दिवशी मनातल्या मनात विनवण्या करत होतो की इंजिनाकडून त्या डब्याला येणारा पाईप फाटका निघू दे. पाईप बदलला, त्यातला व्हॉल्व्ह बदलला, पेडल ढिम्म. शेवटी मीटर लावलं. जो काटा अठरा-एकोणीसवर स्थिर राहायला हवा तो दहावर थरथरत होता. नव्या कॅममुळं इंजिन हळू फिरताना ओढच राहत नव्हती. गर्दीत दोन-तीनदा ब्रेक दाबला की डब्यात उरलेली ओढही संपायची, आणि मग पेडल दगड. साध्या माणसाच्या पायानं ते दबणं शक्यच नाही. तू वेळेवर दाबलास, पोरी. होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून दाबलास.

आता खरं सांगतो. हे मला काल-परवा कळलेलं नाही. आईच्या सातव्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी कळलं. संध्याकाळच्या आत मी जुनी कॅम परत बसवली, नवी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. तुझी आई गेली होती, आता तूही जाशील, ह्या एका भीतीनं. दुसऱ्या दिवशी विहारात पंचशील म्हणताना मुसावादा वेरमणी आलं, खोटं बोलणार नाही, आणि माझा आवाज बसला. लोकांना वाटलं, बायकोसाठी रडतोय. मग तू सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलंस, पप्पा, मला माफ करा म्हणालीस. आणि सगळं माहीत असून मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, केलं माफ. चौदा महिने झाले. सुधीरला आज सगळं सांगितलंय. सोमवारी मी कोर्टात येतोय, जे केलं आणि जे लपवलं ते तुझ्यासमोर सांगणार आहे. तुला विचारतील, गुन्हा कबूल आहे का. नाही म्हण, बाळा. एवढं कर. त्यानंतर माझं तोंड नाही बघितलंस तरी चालेल.

तुझाच,
पप्पा