मडमआईच्या थडग्यावरची बाटली

म्हैसूर, ४ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप आईस तुळसीचा दंडवत.

मी बरी आहे, शाळेतल्या नोकरीत रुळले. आपल्या धाकट्या तुंगाचे पाय अजून सुजतात का?

तिचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून मडमआईला बाटली वाहायला तू लिहिलंस, म्हणून काल थडग्यावर गेले. शी! दगडावर ब्रँडीचा चिकट थर, त्यात मेलेल्या माशा, चिरुटांची थोटकं. फुलवाली म्हणते, “गोऱ्यांना हेच लागतं, अम्मा.”

अगं, ती बाप्टिस्ट पंथाची मिशनरी बाई जन्मभर दारूला शिवली नाही, हे तूच सांगायचीस ना? सत्तर वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत तुझ्या आजीला तिनं चमच्याचमच्यानं पाणी पाजून जगवलं आणि त्याच साथीत स्वतः गेली. मरताना डॉक्टरनं औषध म्हणून ब्रँडी पुढे केली, तर तिनं तोंड फिरवलं. त्याच तोंडावर आता आपण बाटल्या ओततो, आणि वर म्हणायचं नवस!

मी बाटली घेतलीच नाही. दोन घागरी पाणी आणून दगड घासून धुतला.

रागावलीस तर मला रागव. तुंगाला मात्र सांग, तिच्या नावानं मडमआईला पाणी पाजून आलेय.

तुझीच,
तुळसी