रडं थांबवायची गोळी

३ जून
कंपनीत जाऊन आलो, नुसतं भेटायला. बाइकवरून डोक्यावर पडलो त्याला चार महिने झाले. लेथवरच्या पोराने पहिला पीस हातात दिला. सवयीने मायक्रोमीटर लावला, डाव्या हाताने. माप बरोबर आलं आणि मी हुंदके देऊन रडायला लागलो. वीस वर्षं क्वालिटीत काढली, एका पीसने कधी रडवलं नव्हतं. साहेब म्हणाले, आधी बरे व्हा, मग बघू.

५ जून
मेंदूच्या डॉक्टरांकडे. बायको सुनंदा सोबत. ते म्हणाले, हे दुःख नाही, माराने रडण्याचा ब्रेक सैल झालाय. सेरोटोनिनवर काम करणारी गोळी, रोज सकाळी एक. मनाने बंद करायची नाही. उजव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत, त्यांचं विचारलं. खात्री देत नाही, म्हणाले, चेंडू दाबायचा व्यायाम सोडू नका. मेडिकलवाल्याने हळूच विचारलं, डिप्रेशन का? सुनंदा म्हणाली, अपघात.

८ जून
आई आली कळवणहून. तिला बघून रडलो, भाकरी बघून रडलो, साबणाच्या जाहिरातीला रडलो. सुनंदा वैतागली. आई खूश. म्हणाली, "बाप गेला तव्हा दगडासारखा उभा व्हतास. आता कुठं माणसात आलास." वर गोळ्या कशाला खातो, हेही विचारून झालं.

२१ जून
रडं जवळपास बंद. आई गावी गेली, तिला बसमध्ये बसवताना काही झालं नाही.
उजव्या हाताने पाच मिनिटांत बोल्टवर ११ नट चढवले. मागच्या आठवड्यात ७. गोळीने की चेंडूने? दोन बदल एकदम केले की कारण सापडत नाही, हे मीच पोरांना शिकवायचो. आता भोगा.

२ जुलै
साहेबांचा फोन. १४ तारखेला पहिल्या पाळीत काम करून दाखवायचं. जमलं तर परत घेतील, नाही तर दुसरा माणूस बघणार. रडारड नको, एवढंच म्हणाले.

५ जुलै
आई गेली. झोपेतच.

६ जुलै
आईला पोचवून आलो. सगळे रडत होते. मी लाकडं बघत होतो. एक ओंडका तिरका होता, तो सरळ केला. मावशी सुनंदाला म्हणाली, मला ऐकू येईल एवढ्याने, "पोराच्या डोळ्यात टिपूस नाय." सुनंदाने सांगितलं, गोळ्या चालू आहेत. कुणाला पटलं नाही. मलाही नीट पटलं नाही.

९ जुलै
सुनंदाला विचारलं, गोळी नसती तर मी रडलो असतो का. ती भांडी पुसत होती.
"मामंजी गेले तेव्हा कुठली गोळी होती?"
नंतर तिला वाईट वाटलं. चहा केला. प्यायलो. चव चांगली होती, हे लक्षात आलं आणि लाज वाटली.

११ जुलै
डॉक्टरांना फोन. गोळी बंद केली तर? एकदम नाही, हळूहळू कमी करू, पण रडं परत येऊ शकतं, म्हणाले. मी विचारलं, ते रडं खरं असेल का? म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही." १४ तारीख होऊ द्या, मग या.
म्हणजे तपासायला एकच मार्ग, गोळी सोडणं, आणि तो नोकरीवरून जातो.

१४ जुलै, सोमवार
साडेपाच वाजलेत. काल नट १६. आज मायक्रोमीटर उजव्या हातात धरता येईल.
लेथच्या पीससाठी रडलो, साबणासाठी रडलो. आईसाठी राहिलं. मला तिच्यासाठी रडायचंय. आणि मला माझं तपासणीचं टेबलही परत हवंय.
सुनंदाने डबा भरला. गोळी आणि पाण्याचा ग्लास वहीशेजारी ठेवून दारात उभी आहे. सव्वासहाची बस आहे.