'होऊ द्या' हे दोन शब्द मिळवून देण्याबाबत

प्रति,
मा. सरकारी कामगार अधिकारी साहेब,
कामगार कार्यालय,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : कु. तनुजा अजिनाथ सोन्नर, वय १५, इयत्ता नववीची परीक्षा दिलेली, रा. पुंडलिकनगर (गच्चीवरची खोली, भाड्यानं).

विषय : माझ्या आईचा गेटपास परत मिळणे, तिच्याकडून माफीनामा लिहून न घेणे, व तिच्या कंपनीच्या संचालकांनी तिला 'होऊ द्या' एवढं म्हणणे याबाबत.

संदर्भ : १) सुहृद प्रिसिजन पार्ट्स, शेंद्रा औद्योगिक वसाहत, यांची नोटीस, दि. २० एप्रिल २०२४.
२) सदर कंपनीनं टाईप करून दिलेला माफीनामा (सही न केलेला).
३) 'आपलेपणा सन्मान' सोहळ्याची निमंत्रणपत्रिका, दि. ४ मे २०२४.

महोदय,

वरील विषयाबाबत अत्यंत नम्रपणे लिहिते की, अर्ज थोडक्यात असावा हे मला माहीत आहे. शाळेत अर्जलेखनाला मला पैकीच्या पैकी गुण आहेत. परंतु शाळेतले अर्ज वाचनालयात पंखा बसवण्याबाबत असतात. हे प्रकरण त्यापेक्षा लांब आहे, तरी शेवटपर्यंत वाचावं.

१) माझी आई सौ. रत्नमाला अजिनाथ सोन्नर ही वर नमूद कंपनीत तीन वर्षांपासून साफसफाईचं काम करते. ती ठेकेदाराकडून आहे, म्हणजे कंपनीत असते पण कंपनीची नसते. आम्ही मूळचे देवगाव रंगारीचे, मेंढरंवाले. यंदा तिकडं पाणी नाही, चारा नाही, म्हणून वडील मेंढरं घेऊन गोदाकाठी गेले आहेत. इथं मी आणि आई. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्याबद्दल हा अर्ज नाही.

२) कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक श्री. सुदर्शन लोहगावकर साहेब हे कामाच्या जागी सर्वांना सामावून घेण्याबद्दल फार प्रसिद्ध आहेत. त्यांची भाषणं मोबाईलवर आहेत, मी चार ऐकली. प्रत्येक भाषणात ते 'मी लासूर स्टेशनचा, मातीतला माणूस' असं सांगतात. एकात तर दोनदा सांगितलं आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी कंपनीत 'आपलेपणा सप्ताह' साजरा केला. त्यासाठी पुण्याहून एक प्रशिक्षक बाई आल्या. त्यांनी सगळ्यांना गोल उभं करून लोकरीचा गुंडा एकाकडून दुसऱ्याकडं फेकायला लावला. बघा, आपण सगळे एकाच धाग्यानं जोडलेले आहोत, असं त्या म्हणाल्या. आईनं धागा बोटात धरून पाहिला आणि शेजारच्या कडूबाई मावशीला म्हणाली, "ही लोकर नाय गं, पलास्टिक हाय." खेळ संपल्यावर साहेबलोक निघून गेले आणि खुर्च्यांच्या पायात अडकलेला आपलेपणा सोडवून गुंडाळायचं काम साफसफाईच्या बायकांना दिलं. त्यात पाऊण तास गेला.

त्याच सप्ताहात 'तुम्हाला इथं आपलं वाटतं का?' असा फॉर्म भरून घेतला, एक ते पाच गुण. ठेक्यावरच्या बायकांचे फॉर्म सुपरवायझरनं स्वतःच भरले. सगळ्यांना पाच. त्या बायका जेवतात कुठं, तर भंगाराच्या शेडमागं. कँटीनमध्ये त्यांना खुर्ची नाही. पण वाटतं मात्र पाचपैकी पाच.

३) आता मुख्य मुद्दा. शनिवार दि. ६ एप्रिल रोजी सप्ताहाचा समारोप होता. त्या दिवशी लोहगावकर साहेब फोटोग्राफरसह भंगाराच्या शेडमागं आले. फोटोसाठी शेड निळ्या कापडानं झाकली होती. साहेब खाली बसले (खाली आधी सतरंजी घातली), आणि आईच्या फडक्यातली ज्वारीची भाकर मोडून ठेच्याला लावून खाल्ली. पहिल्या घासाला ऊन तोंडावर आलं. दुसऱ्या घासाला त्यांचे डोळे मिटले. तिसरा घास चांगला आला. म्हणजे एकूण तीन घास, आणि तिन्ही गिळले. आईनं पाहिलं आहे, कडूबाई मावशीनंही पाहिलं आहे. तो फोटो गेटवर सोळा फूट उंच लावला आहे. खाली लिहिलं आहे, 'इथं सगळे आपले'. त्यात आईच्या कपाळावरचा घामही पुसून टाकला आहे. यंदाच्या एप्रिलमध्ये घाम नसलेली ती एकटीच बाई असेल.

४) इथं आमच्याकडची रीत सांगणं भाग आहे. आमच्यात वाटेवरच्या माणसानं आपली भाकर मोडून खाल्ली की तो आपल्यातला होतो. मग तो हाकेच्या अंतरावर असेल तोवर त्याला हाक मारल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. 'या जेवायला' म्हणायचं. त्यानं 'होऊ द्या' म्हणायचं. झालं. त्यानं खरोखर यायचं नसतं, हे सगळ्यांना कळतं. आपल्या जिल्ह्यात हे शेंबड्या पोरालाही येतं. लासूर स्टेशनलाही येत असावं.

५) म्हणून सोमवार दि. ८ एप्रिलपासून आई दुपारी एक वाजता पहिल्या मजल्यावर साहेबांच्या केबिनच्या दारात जाऊन, डबा हातात धरून, "साहेब, या जेवायला," असं म्हणू लागली. रविवार आणि सणांच्या सुट्ट्या सोडून आठ दिवस म्हटलं. पहिल्या दिवशी साहेब फोनवर होते, त्यांनी हातानं माशी हाकलतात तसं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काच बंद केली. तिसऱ्या दिवशी मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनं आईला विचारलं, "तुम्हाला नक्की काय पाहिजे?" आई म्हणाली, "काय नको मॅडम, होऊ द्या म्हणा म्हणावं." मॅडमनं ते वहीत लिहून घेतलं, आणि पुढं 'मागणी अस्पष्ट' असा शेरा मारला.

आणि साहेब, होऊ द्या म्हटलं नाही म्हणून आई जेवली नाही. आठही दिवस डबा भरलेला घरी आला. पहिले दोन दिवस मला वाटलं उन्हानं भूक नाही. नंतर कडूबाई मावशीकडून कळलं. मी लई चिडले. म्हटलं, "अगं आई, ते फोटोपुरतं होतं!" ती म्हणाली, "फोटो फोटोचा आसंल. भाकर काय फोटोची होती का?" मी वक्तृत्वात शाळेत पहिली आहे, पण मी उठून तिचं ताट वाढलं.

६) दि. २० एप्रिल रोजी आईला संदर्भ क्र. १ ची नोटीस दिली. त्यात 'कार्यकारी मजल्यावर विनापरवानगी खाद्यपदार्थासह वारंवार प्रवेश' आणि 'वरिष्ठांशी अनावश्यक सलगी' असे दोन आरोप आहेत. हे ज्या गेटवर वाचून दाखवलं त्याच गेटवर तो सोळा फुटी फोटो आहे. आईला फोटोत साहेबांच्या खांद्याला खांदा लावून बसायची परवानगी आहे, त्यासाठी पास लागत नाही. खाली जमिनीवर उभं राहायला मात्र पास लागतो, आणि तो काढून घेतला.

पास घेण्याचं काम गेटवरचे वॉचमन मोतीराम काका यांना दिलं होतं. काका बिचारे मान खाली घालून उभे होते. आईनं पास दिला आणि त्यांचा डबा उघडा दिसला म्हणून उगीच विचारलं, "काका, जेवायला बसताय व्हय?" काका म्हणाले, "हां ताई, या की जेवायला." आई म्हणाली, "होऊ द्या." बघा साहेब. दोन माणसं, एक काम काढून घेणारा आणि एक काम गेलेली, आणि अर्ध्या मिनिटात सगळं नीट झालं. मोतीराम काकांना पुण्याहून कोणी प्रशिक्षण दिलेलं नाही.

७) नोटिशीसोबत माफीनामा टाईप करून दिला आहे. त्यावर फक्त सही करायची. मजकूर असा : 'मी लिहून देते की माझा व मा. संचालक महोदयांचा कोणताही घरगुती अथवा आपलेपणाचा संबंध नाही व कधीही नव्हता. यापुढे मी त्यांना जेवणाबाबत विचारणा करणार नाही.' सही केली तर पास परत. दि. ४ मेपर्यंत केली नाही तर ठेकेदार दुसरी बाई घेणार.

आपणास वाटेल, करावी सही, कागदच तो. मलाही तसंच वाटलं होतं. घरभाडं याच कामावर आहे आणि मला यंदा दहावी आहे. मी स्वतः पेन आणून दिला. आईनं तो परत माझ्या दप्तरात ठेवला. म्हणाली, "वर गेले, चुकलं, हे लिव्हून देते. दहादा देते. पण 'कधीही नव्हता' कसं लिव्हू? त्यानं माझ्या हातचं खाल्लंय पोरी. मी खाऊ घातलेलं मीच नाय म्हणू?" त्या दिवसापासून मी तिच्या बाजूनं आहे, हे नोंद घेण्यासाठी लिहिते.

८) आता सर्वात कहर. ज्या उद्योजक मंडळींनी शहरात आपलेपणा वाढवण्याचा विडा उचलला आहे, त्यांनी यंदाचा 'आपलेपणा सन्मान' लोहगावकर साहेबांना जाहीर केला आहे, त्याच फोटोवरून. सोहळा शनिवारी दि. ४ मे रोजी आहे. आणि दि. २७ रोजी मनुष्यबळाच्या मॅडमचा आईला फोन आला, एकदम मधाळ आवाजात. त्यांनी सांगितलं की शनिवारी पाच वाजता तुमच्या घरापाशी गाडी येईल. नऊवारी नेसा. (आई सहावारी नेसते. तर म्हणाल्या, भाड्यानं आणून देऊ.) फडक्यात भाकर घ्या. स्टेजवर 'ही कंपनी माझं माहेर आहे' असं म्हणा आणि साहेबांना एक घास भरवा. आणि हो, माफीनाम्यावर सही करून तो कागद गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरकडं द्या.

म्हणजे साहेब, संध्याकाळी पाचला माझ्या आईचा साहेबांशी आपलेपणाचा संबंध कधीही नव्हता, आणि सात वाजता माईकवर तो आहे. मधल्या दोन तासांत तो कुठून आणायचा, हे पत्रिकेत लिहिलेलं नाही. जिला कंपनीच्या गेटातून आत घेत नाहीत तिला कंपनीच्या कौतुकासाठी स्टेजवर घेतात, याला मॅडमनं फोनवर 'सर्वसमावेशक कार्यक्रम' म्हटलं.

आईची काळजी वेगळीच आहे. ती म्हणते, तीन घासांचं अजून फिटलं नाय, त्यात हजार माणसांपुढं चौथा खाल्ला तर मग मला जन्मभर हाक मारावी लागंल. मी हसले. ती हसली नाही.

९) संदर्भ क्र. ३ च्या पत्रिकेवर 'प्रमुख उपस्थिती' म्हणून आपलं पदनाम छापलेलं आहे. सोहळ्यानंतर भोजन आहे, असंही लिहिलं आहे. म्हणजे आपली खुर्ची लोहगावकर साहेबांच्या शेजारी असणार. म्हणून विनंती करते की :

(अ) आईच्या नोटिशीची चौकशी आपण सोहळ्याआधी करावी, आणि साक्षीला तो सोळा फुटी फोटो बोलवावा.

(आ) माफीनाम्याशिवाय पास परत देण्यास कंपनीला सांगावं. आईनं वर जायला नको होतं, हे आम्हाला मान्य आहे. खाऊ घातलं नाही, हे मान्य नाही.

(इ) वरील दोन्ही जमत नसेल, फायली फार असतील, तर किमान जेवणाच्या टेबलावर लोहगावकर साहेबांना शांतपणे सांगावं की 'होऊ द्या' म्हणायला खर्च येत नाही, सप्ताह लागत नाही आणि गुंडाही लागत नाही. आठ दिवस एक बाई फक्त एवढंच ऐकायला दारात उभी होती. ते त्यांना येत नसेल तर सन्मान कशाचा घेताहेत, हे एकदा विचारावं. मी विचारलं असतं, पण पत्रिका माझ्या नावाची नाही.

माझ्या भाषेत कुठं उर्मटपणा आला असेल तर तो माझा आहे, आईचा धरू नये. चिडून लिहिताना नम्र शब्द शोधावे लागतात, ते सगळे वर वापरून संपले.

आपल्या उत्तराची शनिवारच्या आत वाट पाहणारी,
आपली नम्र,
तनुजा अजिनाथ सोन्नर

दि. ३० एप्रिल २०२४

सोबत : १) नोटिशीची झेरॉक्स. २) माफीनामा, सही न केलेला. ३) गेटवरच्या फोटोचा मोबाईलवर काढलेला फोटो (उन्हामुळे साहेबांचा चेहरा नीट आलेला नाही, भाकर आली आहे). ४) निमंत्रणपत्रिकेची झेरॉक्स.

अर्ज आईला वाचून दाखवला. तिनं सांगितलेलं तिच्या शब्दांत खाली लिहिलं आहे :

पोरीनं लई तिखट लिव्हलंय, पर खोटं नाय. साहेब, मी त्या कागदावर सही करणार नाय. शनवारी गाडीत बी बसणार नाय. काम गेलं तर दुसरं बघीन, हात हायेत. शनवारी मी घरीच ऱ्हाणार, आन जेवणार. तुमी आलात तर तुमाला बी वाढीन, पर फोटोवाला आणू नका. सही मला येती, चौथीपातूर शिकले. ती हितं करते.

रत्नमाला अजिनाथ सोन्नर