नारिंगी गाडी पहिल्या फटक्यात पास

सेटल, मंगळवार दुपार

तीर्थस्वरूप विनी मावशीस,

हेडलीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकाच वाकून). तुझा गुडघा, तुझी मांजर आणि शेजारणीशी चाललेलं तुझं कुंपणाचं भांडण, तिन्ही जोरात असतील अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. पाऊस पडतोय, पण ही काही पत्रात लिहायची बातमी नव्हे.

खरी बातमी आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या पोटात राहायची नाही. मावशी, काकांची ती नारिंगी गाडी पास झाली. काल, पहिल्या फटक्यात, वर एकसुद्धा शेरा नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! कथबर्ट काका गेल्यावर गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवताना तू काय म्हणाली होतीस ते मी विसरलेलो नाही. "वर्षाच्या तपासणीत एका फटक्यात पास झाली, तर माझ्या वाढदिवसाला मोरकॅमला घेऊन जा. तोवर मी तिच्यात पाय ठेवणार नाही." तेव्हापासून दर वाढदिवसाला तू एकटी आगगाडीने मोरकॅमला जातेस, समुद्राकडे तोंड करून लोण्यातली कोळंबी खातेस, आणि घरी आल्यावर मला फोन करून "कोळंबी छान होती हं" एवढंच बोलून ठेवून देतेस. ते वाक्य मला किती लागतं ते तुला ठाऊक आहे, म्हणून तर बोलतेस. तर या शनिवारी तुझा पंच्याऐंशीवा, आणि आता अट पुरी झाली.

लोक मला वेड्यात काढतात. चाळीस वर्षांच्या वरच्या गाडीला सरकारने तपासणी माफ केलीय, मग हा माणूस दरवर्षी स्वतःच्या पायाने जाऊन नापास का होऊन येतो? आता त्यांना काय सांगू, सरकारने सोडलं तरी मावशीने सोडलेलं नाही म्हणून? बरं, थाप मारावी तर तू तो टॅब घेतल्यापासून सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकतेस आणि सगळा निकाल घरबसल्या वाचतेस. (मी एकदा "किरकोळ दुरुस्ती निघाली" म्हणालो होतो तेव्हा मागचं चाकच निखळलं होतं, हे तुला कळलंच असेल. तेव्हा फोनवर काही बोलली नाहीस, हे तुझे उपकार.)

आणि नोरीन. तपासणीचं गॅरेज तिचं, आणि गाडीखाली शिरणारीही तीच. बाई मनाने लोणी, पण हातात टॉर्च आली की सख्ख्या भावालाही ओळखत नाही. दरवर्षी मी आल्याचा केक घेऊन जातो आणि दरवर्षी ती तो कपाटावर ठेवते. निकालाआधी खाल्ला तर ती लाच, निकालानंतर खाल्ला तर सांत्वन, असं तिचं शास्त्र आहे. एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी सांत्वनच खाल्लं. एका वर्षी हॉर्न फक्त डावीकडे वळतानाच वाजायचा. नोरीन म्हणाली, "हेडली, उजवीकडच्या माणसाने काय करायचं, मरायचं?" एका वर्षी तिने दाराखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला तो मुठीपर्यंत आत गेला, आणि "हे लोखंड आहे की तुझा केक?" असं तिने विचारलं. (केकचा अपमान मला जास्त लागला.) आणि एका वर्षी दिवे उत्तम, ब्रेक उत्तम, धूर उत्तम, नोरीनने खूश होऊन पेन काढलं, सही करायला म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर टेकली, आणि सीट तिच्यासकट खाली गेली. तळच नव्हता. त्या दिवशी केक तिने एकटीने संपवला.

पण यंदा मी हट्टाला पेटलो होतो. अख्खा हिवाळा त्या शेडमध्ये काढला. तळ नवा, पत्रा नवा, वायरी नव्या. (कालपर्यंत सूप त्याच शेडमध्ये प्यायलो, चव अजून ग्रीसची येते.) काल नोरीन खालून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली गेली. "कुठेतरी असणारच," म्हणाली. दुसऱ्यांदा बाहेर आली, तिसऱ्यांदा खाली गेली. शेवटी उभी राहिली, हात पुसले आणि कागद पुढे केला. मावशी, मी तिला धरून सगळ्या आवारात गरागरा नाचवलं. "सोड मेल्या, हातात पाना आहे माझ्या," असं ओरडत तीही नाचलीच. तुला आत्ताच्या आत्ता फोन करावा असं वाटत होतं, पण अशी गोष्ट कागदावर लिहून पाठवावी, म्हणजे जपून ठेवता येते.

शेजारणीला माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझा लाडका (दुसरा कोण आहे म्हणा),
हेडली

ता.क. नाचून झाल्यावर गाडी बाहेर काढताना नोरीनच्या गॅरेजची पाटी माझ्याकडून आडवी झाली. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पाटी तिथे दहा वर्षं आहे असं नोरीन म्हणते. असेल.

ता.क. २. त्यानंतर नोरीनने मला खाली उतरवलं आणि म्हणाली, "आता तुझी तपासणी." वीस मीटरवरून नंबर वाचता आला पाहिजे, हा नियम तुला माहीत आहेच. समोरच्या पांढऱ्या व्हॅनचा नंबर वाच म्हणाली. मी न अडखळता, खणखणीत आवाजात वाचला. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "हेडली, व्हॅन डावीकडे आहे. तू वाचलास तो माझा भंगारात काढलेला फ्रिज." आज सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचा नंबर तीन महिन्यांनी लागणार, तोवर गाडीला हात लावायचा नाही. एकोणीस वर्षं ती नापास झाली, आणि ती पास झाली त्याच दिवशी मी नापास. खोटं कशाला बोलू, दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून रडलो.

ता.क. ३. तर विनंती अशी. डोंगरातल्या गावांना पुस्तकं पोचवणारी वाचनालयाची ती अगडबंब गाडी तू बावीस वर्षं बर्फातून चालवलीस. तरी काकांनी या दोन सीटच्या गाडीच्या स्टिअरिंगला तुला कधी शिवू दिलं नाही. "नाजूक काम आहे, विनी," म्हणायचे. तुझं लायसन तू दर तीन वर्षांनी न चुकता नवं करून घेतेस. कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही. विम्यात तुझं नाव घातलंय. (फोनवरच्या बाईने तुझं वय तीनदा विचारलं.) पाकिटात जड लागतेय ती किल्ली. शनिवारी सकाळच्या आगगाडीने सेटलला ये. मी तुझ्या डाव्या हाताला मुकाट बसेन. आणि तू हवी तेवढी जोरात हाण मावशी, काटा कुठवर गेला ते मला दिसायचं नाही.