फोनमधली डॉक्टर

१४ मे

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू आणि दादा मजेत असाल आणि मुलांनी घर डोक्यावर घेतलं असेल, हे धरूनच चालते. मीही बरी आहे.

तोंडी परीक्षेचं फोनवर सांगितलंच होतं. परीक्षकांनी आधी सोलून काढलं, मग हात मिळवून ‘डॉक्टर’ म्हणाले. तेव्हापासून दादाला चेवच आलाय. ‘डॉक्टर, पाठ धरलीय, औषध द्या!’ लहान मुलं बोलायला कशी शिकतात यावरची माझी डॉक्टरकी, ती त्याच्या पाठीला काय उपयोगाची, हे तूच त्याला समजावून सांग.

नोकरीही मिळाली. दोन वर्षांचीच आहे, पुढचं पुढे. ठकीचा पलंग खिडकीखाली बसेल अशी खोली बघून ठेवली. तिचे बाबा बोटीवरून परत येईपर्यंत मी एकटी निभावेन असा हिशेब होता. सुट्टीत येऊन तिला घेऊन जायचं ठरलं होतं ना आपलं? लिहायचंय त्याबद्दलच, पण हात सारखा भलतीकडे वळतोय.

ठकी ओट्याला धडकली तो तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. माझं काम तुला माहीत आहे. मुलांचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकायचं, जसंच्या तसं उतरवायचं आणि मूल कुणाकडे बघून बोललं ते कंसात लिहायचं. सवयीने ठकीचंही लिहून काढलं.

ठकी: आई! (मामीकडे धावते.)
मामी: अगं, मी मामी. आई फोनमध्ये.
ठकी: नाही. आई ही. फोनमध्ये डॉक्टर. (मामीला बिलगते.)

कागद टेबलावर राहिला आणि माझ्या मार्गदर्शक बाईंच्या हाती लागला. “किती सुरेख नमुना गं! मोठं माणूस चूक सुधारतंय आणि मूल काही बधत नाही. कुणाचं आहे?”

“ओळखीतलं,” मी म्हणाले.

“लेखात घेऊ. फक्त त्याच्या आईची परवानगी घे.”

“घेते,” म्हणाले, आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

वहिनी, तू तिला घेतलंस तेव्हा ती रांगतही नव्हती. हे प्रकरण लिहून झालं की नेते, ते तपासून आलं की नेते, असं मी तुला सांगत राहिले आणि तू कधी नाक मुरडलं नाहीस. दुसऱ्यांच्या मुलांचे पहिले शब्द मी कानात प्राण आणून ऐकले. माझ्या मुलीचे तू ऐकलेस. फार पस्तावा होतो गं.

सुट्टीत येते, पण तिला न्यायला नाही. इथे आणलं तर रात्री ती ‘आई’ म्हणून रडेल, आणि मी शेजारीच असेन. त्यापेक्षा तिथे राहते, तिच्याशी ओळख करून घेते. तिला पुन्हा पुन्हा सुधारू नकोस. चुकीचं काही बोलत नाहीये ती.

राहिला तो लेख. बाईंना शब्द दिलाय, म्हणून विचारते. ठकीचं बोलणं छापू का? तू नाही म्हणालीस तर कागद फाडून टाकेन.

ठकीला पापा. कुणी पाठवला म्हणून सांगायचं, ते तू ठरव.

तुझी,
फोनमधली डॉक्टर